ट्रंकेतली लोकर

मे महिना संपत आला की मालवण किनाऱ्यावरच्या घरांत आगोटीची घाई सुरू होते. सुकी मासळी, कोकमे, मिरच्या, पापड डब्यांत भरले जातात, जळाऊ लाकडे पडवीत रचली जातात आणि त्याच दिवसांत कधीतरी माळ्यावरची पत्र्याची ट्रंक खळ्यात उन्हाला येते. वरच्या थरात ठेवणीतली लुगडी, मध्ये गोधड्या आणि अगदी तळाशी जुन्या साडीच्या फडक्यात गाठ मारून ठेवलेले लोकरीचे गुंडे. आमसुली, मोरपंखी, पिवळाधमक, बाळगुलाबी. कुठला अर्धा, कुठला लिंबाएवढा. सोबत क्वचित दोन सुयांवर अडकून पडलेले वीतभर विणकामही निघते. ज्या बाळासाठी ते सुरू झाले होते, त्याला एव्हाना मिसरूड फुटलेली असते.

या किनाऱ्यावर लोकर कशाला, हा प्रश्न परगावच्या माणसाला पडतोच. इथे जानेवारीतल्या पहाटेलाही एक गोधडी पुरते. स्वेटर घालायची वेळ आलीच तर ती आंबोलीत उतरल्यावर किंवा रात्रीच्या एस.टी.ने घाट चढताना. तरीही साठेक वर्षे इथल्या बायकांनी लोकर विणली, उसवली आणि पुन्हा विणली. ज्याच्यासाठी विणायचे तो बहुतेक वेळा घरात नसायचा. तो सरहद्दीवर असायचा, मुंबईच्या खोलीत असायचा, घाटावरच्या वसतिगृहात असायचा, नाहीतर लेकीच्या पोटात. ट्रंकेतल्या प्रत्येक उरलेल्या रंगाच्या पलीकडच्या टोकाला असे कुणीतरी आहे, म्हणून या गुंड्यांचा मागोवा घेताना बाजारभावापेक्षा माणसांचाच हिशेब जास्त लागतो.

तशी लोकर कोकणाला अगदी परकी नव्हती. सुया यायच्या कितीतरी आधी घाटावरून घोंगडी उतरत होती. दख्खनी मेंढीची राठ लोकर, धनगरांनी कातरलेली आणि सणगरांनी मागावर विणलेली. लावणीच्या पावसात कुणाच्या पाठीवर इरले असायचे, कुणाच्या डोक्यावर घोंगडीची खोळ. लोकर भिजली तरी ऊब सोडत नाही, हे चिखलात दिवसभर वाकून उभे राहणाऱ्याला वेगळे सांगावे लागत नव्हते. पण घोंगडी ही विकत घ्यायची वस्तू. घरातल्या बाईच्या हातातली मऊ, रंगीत लोकर आली ती दुसऱ्या वाटेने.

ती वाट शाळांची आणि मिशनांची. एकोणिसाव्या शतकात मिशनऱ्यांनी आणि मुलींच्या शाळांनी सुया आणि क्रोशा देशभर पोचवला. पुण्यात १८८४ साली हुजूरपागेची शाळा निघाली तेव्हा मुलींना काय शिकवावे यावर रण माजले. इंग्रजीला विरोध करणाऱ्यांनाही शिवण-टिपण मात्र चालत होते. १९०९ मध्ये रमाबाई रानड्यांच्या पुढाकाराने पुण्यात उभ्या राहिलेल्या सेवासदनात हेच हातकाम बाईच्या पोटापाण्याशी जोडले गेले. दक्षिणेकडे तेरेखोलची खाडी ओलांडली की गोवा, आणि तिथल्या ख्रिस्ती घरांत क्रोशाच्या बारीक किनारी पिढ्यान् पिढ्या विणल्या जात होत्या. वेंगुर्ले-सावंतवाडीच्या बाजूला तो हात पोचायला फार लांब जावे लागले नाही.

या हातकामाकडे पाहण्याची नजर कशी होती, याचा सर्वांत स्पष्ट पुरावा मात्र आंध्रात आहे. गोदावरीच्या मुखाजवळच्या नरसापूरला मॅक्रे नावाच्या स्कॉटिश दांपत्याने १८४४ मध्ये क्रोशाची लेस शिकवली. तिचा पुढे मोठा निर्यातधंदा झाला. १९८२ मध्ये जर्मन समाजशास्त्रज्ञ मारिया मीस यांनी त्या लेस विणणाऱ्या बायकांवर पुस्तक लिहिले. त्या बायका घरकाम सांभाळून दिवसाचे कित्येक तास विणत होत्या आणि घरातले, बाजारातले, सगळेच त्याला फावल्या वेळेचा उद्योग म्हणत होते. नरसापूरच्या लेसला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. मालवणच्या ट्रंकेतल्या विणकामाला बाजारच नव्हता, त्यामुळे तिथे तर हे तास कुणी मोजलेच नाहीत.

कोकणी घरात विणकामाची दोन हक्काची निमित्ते होती. एक रुखवत. लग्नाच्या मांडवात लाडू-चिरोट्यांच्या परातींशेजारी ताटावरचे रुमाल, दारावरचे तोरण, तांब्यावरची झाकणी असे सगळे मांडले जायचे, आणि वऱ्हाडातल्या बायका ते हातात घेऊन उलटे करून बघायच्या. खरी पारख मागच्या बाजूलाच होते. क्रोशाची भाषाही इथे अस्सल मराठी झाली: साखळी, खांब, अर्धा खांब, मुका खांब. घर बांधायचे शब्द दोऱ्याला इतके चपखल बसले आहेत की त्यांना दुसरा शब्द सुचवावासा वाटत नाही.

दुसरे निमित्त बाळंतविडा. टोपडे, मोजे, झबले, कुंची, दुपटे. लेक बाळंतपणाला माहेरी यायची आणि सातव्या महिन्यापासून घरात सुया वाजू लागायच्या. जुन्या हिंदी सिनेमात नायिकेच्या हातात लोकर दिसली की प्रेक्षक ओळखायचे की घरात पाळणा हलणार. ते पडद्यापुरते नव्हते. दमट किनाऱ्यावर बाळाला लोकरीचे टोपडे घालणे हा निव्वळ रिवाज वाटेल, पण त्यात शरीरशास्त्रही आहे. नवजात बाळाचे डोके शरीराच्या मानाने मोठे असते, अंगावर चरबी कमी असते आणि जन्मतः अंग ओले असते. बाहेरच्या मोठ्या माणसाला घाम येत असला तरी बाळाची ऊब झपाट्याने निघून जाते. बाळाचे तापमान ३६.५ ते ३७.५ अंश सेल्सिअस राहावे, त्यासाठी त्याला लगेच कोरडे करून डोके झाकावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. १९७८ मध्ये कोलंबियातल्या बोगोटा शहरात अपुऱ्या दिवसांच्या बाळांना आईच्या उघड्या छातीशी धरून ऊब देण्याची पद्धत सुरू झाली. आज आपल्याकडच्या रुग्णालयांतही ती ‘कांगारू’ नावाने रूढ आहे. त्या बाळाच्या अंगावर फक्त लंगोट, मोजे आणि टोपी असते. आषाढात, चार दिवस सूर्य न दिसलेल्या मालवणातल्या घरी जी आजी नातवाच्या डोक्यावर टोपडे ओढते, तिचे बरोबरच असते.

मग १९६२ आले. २० ऑक्टोबरला चीनने हल्ला केला. हिमालयात प्रचंड उंचीवर लढणाऱ्या आपल्या जवानांकडे पुरेसे गरम कपडे नाहीत, ही बातमी देशभर पसरली आणि शाळा, महिला मंडळे, चाळींचे गॅलरीवजा कट्टे, सगळीकडे सुया चालू लागल्या. मराठा लाइट इन्फन्ट्रीत भरती होण्याची कोकणाची परंपरा जुनी. इथल्या घरांना ही लढाई लांबची नव्हती. या विणकामात एक गोष्ट वेगळी होती. एरवी माप घेताना समोर अंग असते, निदान मागच्या वर्षीचा स्वेटर तरी असतो. इथे ज्याच्या अंगात तो जाणार त्याचा चेहराच ठाऊक नव्हता. कुणीतरी सांगितलेले छातीचे माप धरायचे, बाह्या थोड्या लांब ठेवायच्या आणि पुढे पाठवून द्यायचे. महिन्याभरात, २१ नोव्हेंबरला, युद्धबंदी झाली. त्याच दिवशी यशवंतराव चव्हाणांनी संरक्षणमंत्री म्हणून सूत्रे हाती घेतली. सुयांवर चढलेले टाके मात्र युद्ध थांबले म्हणून उतरवायचे नसतात. ते विणकाम हिवाळाभर चालूच राहिले. जी लोकर उरली, ती मुलांच्या कानटोप्यांत गेली.

त्या काळातली लोकर बहुतेक खरीखुरी मेंढीची. कानपूरच्या लाल इमलीची गिरणी १८७६ची, पंजाबातल्या धारीवालची १८८०ची. नंतर लुधियानाच्या गिरण्यांची नावे घरोघरी झाली. मुंबईत नोकरीला असलेला चाकरमानी गणपतीला किंवा शिमग्याला बोटीने, पुढे एस.टी.ने गावी यायचा, तेव्हा त्याच्या पिशवीत कापड आणि खाऊबरोबर सांगून ठेवलेली लोकरही असे. कोकण रेल्वे सबंध मार्गावर धावू लागली ती २६ जानेवारी १९९८ ला. तोवर मुंबईतून काही मागवायचे म्हणजे कुणाच्या तरी येण्याची वाट पाहणे आले. लोकर कमी पडली आणि पुन्हा तोच रंग मागवला, तर तो हुबेहूब जुळेलच असे नसे. दर घाणीला रंगाची छटा थोडी बदलते. जाणत्या बाया म्हणूनच एखादा गुंडा जास्त घेऊन ठेवत. ट्रंकेतल्या कितीतरी साठ्याचे मूळ या धास्तीत आहे.

याच दरम्यान धागा बदलला. अमेरिकेतल्या ड्यूपॉन्ट कंपनीने १९५० मध्ये ओरलॉन नावाने ॲक्रिलिकचे उत्पादन सुरू केले. पुढे जपानच्या आसाही कासेईचे कॅशमिलॉन आले आणि मराठी घरांत ते नाव इतके रुजले की कुठल्याही कंपनीच्या ॲक्रिलिकला कॅशमिलॉनच म्हणत. स्वस्त, हलके, झगझगीत रंगांचे, धुवायला सोपे. किनाऱ्यावर त्याचा आणखी एक गुण कळला. खऱ्या लोकरीला कसर लागते. कसरीच्या अळ्या केसांतले केरॅटिन खातात, आणि ॲक्रिलिकमध्ये ते नसतेच. कडुनिंबाचा पाला आणि डांबरगोळ्या घालूनही चार पावसाळ्यांत मेंढीच्या लोकरीची चाळण व्हायची. आज ट्रंकेतून जे गुंडे निघतात ते बहुतेक कॅशमिलॉनचे, याचे कारण तेच. जे जास्त ऊब देत होते ते किड्यांनी खाल्ले, कमी ऊब देणारे उरले. जुने दिवस ट्रंकेवरून समजून घेताना हे ध्यानात ठेवायला हवे.

नमुने वह्यांतून फिरत. शाळेच्या चौकटीच्या वहीत ‘१ सु., १ उ.’ अशा ओळी, म्हणजे एक टाका सुलट, एक उलट. शेजारी टाचणीने टोचलेला दोन बोटे रुंद विणीचा तुकडा. वेणीची वीण, जाळीची वीण. सुयांचे नंबर इंग्लंडच्या जुन्या मापाचे, जेवढा आकडा मोठा तेवढी सुई बारीक. १० नंबरची म्हणजे सव्वातीन मिलिमीटर, ८ नंबरची ४ मिलिमीटर. मोठ्या माणसाचा पूर्ण बाह्यांचा स्वेटर म्हणजे चार-पाचशे ग्रॅम लोकर. बाळाचे टोपडे पंचवीस-तीस ग्रॅममध्ये होते.

या दोन आकड्यांच्या मधला प्रवास म्हणजे उसवणे. मालवणकडच्या लोकरीची खरी गोष्ट विणण्यापेक्षा उसवण्यात आहे. १८ जानेवारी १९८२ ला मुंबईत गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले, त्यात कोकणातले हजारो. सिंधुदुर्ग जिल्हा रत्नागिरीपासून वेगळा होऊन तेव्हा वर्षही झाले नव्हते. मनीऑर्डर थांबलेल्या घरात नवी लोकर कुठून येणार? मग जुना स्वेटर खाली यायचा.

उसवायला हात लागतात आणि नजर लागते. आधी बगलेची आणि खांद्याची शिवण हळूच कापायची. घाईत कात्री टाक्याला लागली की धागा जागोजाग तुटलाच. मग शेवटची ओळ जिथे बंद केली ती गाठ शोधायची. ती सुटली की एक टोक ओढायचे आणि ओळ सरसर परतत जाते, टक्-टक्-टक्, टाक्यामागून टाका. समोर एखादे पोर बसवलेले असते, दोन्ही हात पुढे, पंजे ताठ, आणि त्याच्या हातांभोवती लडी गुंडाळली जाते. पोराचे हात खाली आले की वरून आवाज: “हात नीट धर मगे!” लडी चार ठिकाणी सैल बांधायची, नाहीतर धुताना तिचा गुंता होतो. उसवलेली लोकर कुरळी असते. प्रत्येक टाक्याची वळी तिने धरून ठेवलेली असते. कोमट पाण्यात रिठ्याच्या फेसात ती बुडवायची, पिळायची नाही, आणि वलणीवर सावलीत टांगून खालच्या टोकाला काहीतरी वजन अडकवायचे. वाळेपर्यंत धागा सरळ होतो. पूर्ण होत नाही, थोडी नागमोड राहतेच. मग सैल हाताने, दोन बोटे मध्ये ठेवून, गुंडा करायचा. घट्ट गुंडाळली तर लोकर ताणून मरते.

असे करत बापाच्या स्वेटरचा मुलाचा बिनबाह्यांचा स्वेटर व्हायचा. कोपराजवळ विरलेला भाग गाळला जायचा, कमी पडेल तिथे दुसऱ्या रंगाचे पट्टे यायचे. पट्ट्यांचे स्वेटर त्या काळात जे इतके दिसत, त्यात हौस थोडी आणि अडचण जास्त होती. मुलाच्या स्वेटरची पुढे कानटोपी, कानटोपीचे मोजे, मोज्यांतून उरलेल्याचे दारावरचे तोरण. एकाच धाग्याने वीस-पंचवीस वर्षांत तीन-चार अंगे पाहिलेली असत.

नेमक्या याच ठिकाणी किनाऱ्यावरचे दुसरे विणकाम आठवते. दांडी, सर्जेकोट, देवबाग, कुठेही जा, होडीच्या सावलीत जाळे मांडीवर घेऊन बसलेला माणूस दिसतोच. त्याच्याही हातात सुई असते, बांबूची किंवा प्लॅस्टिकची, चपटी, पोटात दोरा भरलेली. आसाचे, म्हणजे जाळ्याच्या भोकाचे, माप एकसारखे यावे म्हणून दुसऱ्या हातात पट्टी. बाई टाके मोजते, तो आस मोजतो. दोघांचे डोळे दुसरीकडे आणि बोटे कामात. पण दोन विणींत एक मूलभूत फरक आहे. लोकरीचे विणकाम म्हणजे एकात एक अडकवलेले फास, गाठ फक्त सुरुवातीला आणि शेवटी. म्हणून टोक सापडले की सगळे परत मिळते. जाळ्याच्या प्रत्येक आसाला चार बाजूंनी गाठ असते, आणि ती न सरकणारी हवी, नाहीतर मासा निसटेल. त्यामुळे जाळे सांधता येते, उसवता येत नाही. फाटले तर दुरुस्ती, संपले तर संपले.

जाळ्याचा धागा जोवर सुताचा आणि सणाचा होता, तोवर याने फारसे बिघडत नव्हते. रापणीच्या, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या, लांबलचक जाळ्यांना झाडाच्या सालीच्या काढ्यात बुडवून, वाळवून टिकवावे लागे, आणि तरीही ती कुजत. कुजली की मातीला मिळत. १९३५ मध्ये ड्यूपॉन्टच्याच प्रयोगशाळेत वॉलेस कॅरोदर्स यांनी नायलॉन तयार केले आणि काही दशकांत ते या किनाऱ्यावर पोचले. १९७६ मध्ये गरवारे-वॉल रोप्स ही कंपनी स्थापन झाली. पुणे आणि वाईच्या तिच्या कारखान्यांत यंत्रावर जाळी विणली जाऊ लागली. हाताने अख्खे जाळे विणणारा माणूस हळूहळू फक्त जाळे सांधणारा उरला. नायलॉन कुजत नाही, ही त्या दिवसांत केवढी मोठी सोय वाटली असेल! आज तुटून समुद्रात राहिलेले जाळे वर्षानुवर्षे मासे, खेकडे, ऑलिव्ह रिडले कासवे अडकवत राहते, ते त्याच गुणामुळे. डिसेंबर २०१८ मध्ये राज्याच्या वनविभागाच्या कांदळवन कक्षाने आणि मत्स्यव्यवसाय विभागाने एक चांगली योजना आणली. जाळ्यात कासव, डॉल्फिन किंवा देवमाशासारखा संरक्षित जीव अडकला आणि तो सोडवण्यासाठी मच्छीमाराने आपले जाळे कापले, तर २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई. उसवता न येणारी गोष्ट कापण्याची ती किंमत आहे, आणि ती मच्छीमाराच्या एकट्याच्या खिशातून जाऊ नये हे अगदी रास्त आहे.

आसाच्या आकाराचाही धडा विणणारीला लगेच कळेल असा आहे. नेहमीच्या जाळ्याचा आस शंकरपाळ्याच्या आकाराचा. ओढ बसली की तो मिटतो आणि पिल्लेही आत अडकतात. गेल्या दशकात सिंधुदुर्गात संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या प्रकल्पातून आणि कोचीच्या केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेच्या मदतीने ट्रॉलरच्या जाळ्याच्या शेपटाला ४० मिलिमीटरचे चौकोनी आस बसवले गेले. चौकोन ओढीतही उघडा राहतो. पिल्लू निसटते, मोठे होते, पुढच्या वर्षी मिळते.

नव्वदीनंतर घरातल्या सुया थंडावल्या. रस्त्याच्या कडेला दर हिवाळ्यात तिबेटी स्वेटरवाले बसू लागले, होजियरीचा तयार माल तालुक्याच्या बाजारात आला, आणि एवढ्या किमतीत तर लोकरच येते हा हिशेब खरा ठरला. आजीचे डोळे गेले, सुनेची नोकरी लागली. ट्रंक मिटली ती मिटलीच.

ती पुन्हा उघडायला लावणाऱ्या गोष्टी बाहेरून आल्या. डिसेंबर २०१३ मध्ये दक्षिण आफ्रिकेत नेल्सन मंडेलांच्या माजी स्वीय सहायक झेल्डा ला ग्रांज यांनी कॅरोलिन स्टेन या मैत्रिणीला गळ घातली की मंडेलांच्या पुढच्या जन्मदिवसापर्यंत गरिबांसाठी ६७ पांघरुणे विणून दे. मंडेलांच्या सार्वजनिक कामाची वर्षे ६७, म्हणून ६७. एकटीला ते जमेना, तिने हाक दिली आणि देशभर घरोघरचे उरलेले धागे बाहेर निघाले. आपल्याकडे मदर इंडियाज क्रोशे क्वीन्स या नावाने एकत्र आलेल्या बायकांनी ३१ जानेवारी २०१६ रोजी चेन्नईत क्रोशाचे ११,१४८.५ चौरस मीटरचे पांघरूण मांडून जागतिक विक्रम केला. अडीच एकरांहून जास्त जागा व्यापणारे ते काम म्हणजे घरोघरी विणलेले तुकडे जोडलेले होते. रापणीच्या जाळ्याची आठवण इथे अपरिहार्य आहे. तेही असेच, तुकड्याला तुकडा जोडून लांब होते, आणि ओढायला अख्खी वाडी लागते.

उरलेली लोकर संपवायला क्रोशाचा चौकोन हा सर्वांत सोयीचा. मध्यावर एक रंग, भोवती दुसरा, कडेला तिसरा. चार-पाच ग्रॅमचा तुकडाही कामी येतो. या चौकोनाची कृती १८८५ मध्ये ‘प्रेअरी फार्मर’ या अमेरिकन शेतकरी नियतकालिकात छापली गेली होती, तीही उरलेल्या धाग्यांचा उपयोग म्हणूनच. शेजारच्या गोव्यात, पिळर्णच्या म्युझियम ऑफ गोवामध्ये, बायकांच्या एका गटाने अशाच चौकोनांचे नाताळचे उंच झाड २०२३ मध्ये उभे केले. मुंबईची साइशा इंडिया फाउंडेशन स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झालेल्या बायकांसाठी सुती धाग्याचे हलके कृत्रिम स्तन विणून विनामूल्य देते. उकाड्यात, घामात अंगावर वागवायला सूत बरे, हे मुंबई-कोकणच्या हवेत राहणाऱ्या कुणालाही पटेल. घरबसल्या बाईच्या फावल्या वेळेचे म्हणून हिणवलेले कौशल्य इथे रुग्णालयाच्या दारापर्यंत गेले आहे, आणि ते तिथे शोभते.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली, दुकाने बंद झाली, मुंबईहून येणारे-जाणारे थांबले. जे घरात आहे त्यातच भागवायचे होते. १६ मे २०२१ ला तौक्ते चक्रीवादळ किनाऱ्याला घासून गेले. झाडे, खांब, छपरे पडली, आणि मालवणात कित्येक दिवस वीज नव्हती. अशा दिवसांत, उजेड असेपर्यंत पडवीत बसून करता येण्याजोगी जी मोजकी कामे असतात, त्यात विणकाम पहिल्या पाचांत येते. ना विजेची गरज, ना मापाच्या यंत्राची.

साठा संपवण्याचे तंत्र तेव्हा पुन्हा घासूनपुसून निघाले. गुंडा आधी स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवायचा. मोज्यांचा जोड हवा असेल तर वजनाने दोन सारखे भाग करायचे, म्हणजे दुसरा मोजा अर्ध्यात लोकर संपून अडत नाही. बारीक धागा असेल तर दोन रंग एकत्र धरायचे, आणि जाडी जुळते. जुना ॲक्रिलिक धागा एकदा ओढून बघायचा. तुटला नाही तर बिनदिक्कत वापरायचा. उरलेल्यातून राख्या, बाहुल्या, आणि अर्थातच गणपतीच्या मखराची तोरणे. राज्यात २३ मार्च २०१८ पासून प्लॅस्टिक-थर्माकोलवर बंदी आली. लोकरीचे तोरण तर त्याआधीही कुणी विसर्जनानंतर फेकत नव्हते. ते झटकून, घडी घालून पुढच्या भाद्रपदासाठी ट्रंकेत जात होते.

या साठ्याबद्दल एक गोष्ट मात्र समुद्राकाठी राहणाऱ्यांनी नीट समजून घ्यायला हवी. इंग्लंडमधल्या प्लिमथ विद्यापीठात २०१६ मध्ये केलेल्या अभ्यासात ॲक्रिलिकच्या कपड्यांच्या सहा किलोच्या एका धुण्यातून सात लाखांहून जास्त सूक्ष्म तंतू पाण्यात गेल्याचे आढळले. तपासलेल्या कापडांत ते प्रमाण सर्वाधिक होते. परसातल्या मोरीतून ओहोळ, ओहोळातून खाडी, खाडीतून समुद्र. कॅशमिलॉनही नायलॉनइतकेच चिवट आहे. फेकून दिले तर ते कुठे जाणार, हे किनाऱ्यावर विचारायची गरज नाही. म्हणून तोरण, बाहुली, बैठकीचे आसन असे जे क्वचितच धुवावे लागते, त्यात जुने ॲक्रिलिक खपवणे शहाणपणाचे. बाळाच्या अंगाला लागणारे, रोज धुवावे लागणारे सुताचे करावे. तीस ग्रॅमची बाळगुलाबी लोकर टोपड्यासाठी राखून ठेवलेली असेल, तर तिला आतून मलमलचे अस्तर लावायचे आणि हाताने, हलकेच धुवायचे.

उन्हे उतरली की खळ्यातली ट्रंक पुन्हा भरली जाते. गोधड्या, वर लुगडी. फडक्यातली लोकर या खेपेला आत जात नाही. श्रावणात घरात बाळ येणार असते. गुलाबी गुंडा पुरेसा नाही, म्हणून कडेला मोरपंखी घ्यायचे ठरते. गंजलेल्या सुया राखेने घासून लख्ख केल्या जातात आणि ओटीवर बसून कुणीतरी १० नंबरच्या सुईवर टाके घालू लागते, ८८, एक सुलट, एक उलट, बोटभर बॉर्डर.